संगणक प्रणाली अंमलबजावणी पद्धती

बँक, रेल्वे, रुग्णालय, कारखाना, शासकीय खाते यांसारख्या मोठ्या संस्थेचे दैनंदिन व्यवहार संगणकाकडे सोपविताना करावयाच्या कामांची पूर्वनिश्चित, क्रमबद्ध व लेखी मांडणी म्हणजे संगणक प्रणाली अंमलबजावणी पद्धती होय. कोणते काम कोणत्या क्रमाने करावयाचे, प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस कोणता लेख अथवा कोणते फलित हाती आले पाहिजे, ते कोणी तपासावयाचे आणि पुढील टप्प्यास अनुमती देण्याचा किंवा काम थांबविण्याचा अधिकार कोणाकडे असावा, या चार प्रश्नांची उत्तरे अशा पद्धतीत दिलेली असतात. पद्धतींची नावे व तपशील वेळोवेळी बदलले असले, तरी हे चार प्रश्न कायम राहिले आहेत.

अशा पद्धतीची गरज दोन कारणांनी निर्माण होते. अर्धवट बांधलेला पूल डोळ्यांना दिसतो व किती काम शिल्लक आहे, याचा अंदाज कोणासही करता येतो. संगणकाची आज्ञावली म्हणजेच सॉफ्टवेअर मात्र अदृश्य असते. ते पूर्ण होत आले आहे, की त्याचा पायाच चुकला आहे, हे ते लिहिणाऱ्यांनाही सहजी सांगता येत नाही. कामाची प्रगती दृश्य करणे, हे पद्धतीचे पहिले प्रयोजन होय. दुसरे कारण संस्थेच्या स्वरूपाशी निगडित आहे. नवी प्रणाली आली, की कोणी काय लिहावयाचे, कोणाच्या सहीने काय हलावयाचे, कोणाला काय माहीत असावयाचे, हे सारे बदलते. त्यामुळे आज्ञावली निर्दोष असूनही संस्था तिच्यासाठी सिद्ध नसल्याने प्रकल्प फसू शकतो.

स्वरूप : बहुतेक पद्धतींत पुढील टप्पे आढळतात : (१) प्रकल्पाची शक्याशक्यता, खर्च व मुदत यांचा अभ्यास (२) संस्थेच्या गरजांची लेखी निश्चिती (३) प्रणालीचा अभिकल्प म्हणजे आराखडा (४) आज्ञावलीचे लेखन अथवा तयार आज्ञावली विकत घेऊन तिची जुळणी (५) चाचणी (६) जुन्या नोंदींचे नव्या प्रणालीत स्थलांतर व कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण (७) प्रत्यक्ष वापरास प्रारंभ आणि (८) देखभाल. यांपैकी सातवा टप्पा सर्वांत धोक्याचा असून तो चार प्रकारे पार पाडता येतो. जुनी व्यवस्था एका दिवशी बंद करून नवी सुरू करणे, हा पहिला प्रकार. यात खर्च कमी, पण परतीची वाट नसते. दुसऱ्या प्रकारात जुनी व नवी व्यवस्था काही काळ समांतर चालवून दोहोंची उत्तरे ताडून पाहतात. यात कर्मचाऱ्यांवर दुप्पट भार पडतो. तिसऱ्यात एकाच शाखेत वा गावी प्रायोगिक वापर करतात, तर चौथ्यात प्रणालीचे एकेक अंग क्रमाक्रमाने वापरात आणतात. यांतील कोणता प्रकार निवडला, यावर अनेक प्रकल्पांचे भवितव्य ठरल्याचे इतिहासावरून दिसते.

प्रारंभ : व्यापारी कामासाठी संगणकाचा नियमित वापर प्रथम ग्रेट ब्रिटनमधील जे. लायन्स आणि कंपनी या चहागृहे व बेकऱ्या चालविणाऱ्या संस्थेने केला. तिने स्वतः बांधलेल्या ‘लिओ’ या संगणकावर बेकरी-उत्पादनांच्या मूल्यांकनाचे काम नोव्हेंबर १९५१ मध्ये सुरू झाले. या कंपनीत संगणक येण्यापूर्वीच, १९३० नंतरच्या दशकापासून, कार्यालयीन कामकाजाचा अभ्यास करणारा स्वतंत्र विभाग होता. कोणतेही काम यंत्राकडे देण्याआधी ते माणसे कसे करतात याची बारकाईने नोंद करावयाची, अपवादात्मक प्रसंगांची यादी करावयाची व मगच आज्ञावली लिहावयास घ्यावयाची, अशी शिस्त डेव्हिड कॅमिनर यांच्या नेतृत्वाखाली तेथे रुजली. कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे काम लिओकडे देतानाही हाताने केलेला हिशेब काही काळ समांतर चालू ठेवण्यात आला. ‘पद्धती’ हे नाव न घेता तिचे सार येथे आढळते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पद्धतीचा उगम संरक्षण खात्याच्या कामातून झाला. ‘सेज’ या हवाई संरक्षण प्रणालीची आज्ञावली त्या काळी अभूतपूर्व आकाराची, सु. एक लाख आज्ञांची होती. तिच्या निर्मितीचा अनुभव हर्बर्ट बेनिंग्टन यांनी १९५६ मध्ये एका निबंधात मांडला व कार्यनियोजनापासून अंतिम मूल्यमापनापर्यंतचे टप्पे क्रमाने वर्णिले. हा निबंध १९८३ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी एक महत्त्वाची त्रुटी दाखवून दिली. मुख्य प्रणाली हाती घेण्यापूर्वी एक लहान प्रायोगिक प्रणाली बांधून पाहिली होती, ही गोष्ट मूळ निबंधात पुरेशी स्पष्ट झाली नव्हती. यशाचे एक मोठे कारण लेखातून गळून गेले आणि टप्प्यांची यादी तेवढी उरली. पुढील काळात हाच प्रकार वारंवार घडला.

गार्मिश परिषद : १९६० नंतर संगणकांची क्षमता झपाट्याने वाढली, पण त्यांच्या आज्ञावल्या ठरल्या वेळी व ठरल्या खर्चात पूर्ण होईनात. या परिस्थितीच्या विचारार्थ उत्तर अटलांटिक करार संघटनेच्या विज्ञान समितीने पुरस्कृत केलेली परिषद पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या काळात भरली. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा तिच्यामुळे रूढ झाली. पूल, धरणे वा यंत्रे बांधताना अभियंते जी शिस्त पाळतात, ती आज्ञावलीच्या कामातही यावी, असा या संज्ञेचा आशय होता. आयबीएम कंपनीच्या ‘ओएस/३६०’ या प्रचंड आज्ञावलीच्या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये आपल्या अनुभवांवर ग्रंथ लिहिला. रखडलेल्या प्रकल्पावर अधिक माणसे नेमल्यास तो आणखी रखडतो, हे त्यांचे प्रतिपादन प्रसिद्ध आहे. नव्या माणसांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो व परस्परांशी करावयाच्या विचारविनिमयाचा व्याप वाढतो, हे त्यामागील कारण होय.

सोपान पद्धती : एक टप्पा पूर्ण करून त्यावर शिक्कामोर्तब झाल्यावरच पुढील टप्प्याकडे उतरावयाचे, या रीतीस धबधब्याच्या उपमेवरून ओळखले जाते. तिचे जनकत्व विन्स्टन रॉइस यांच्या १९७० मधील निबंधाकडे देण्याचा प्रघात आहे, पण तो रॉइस यांच्यावर अन्याय करणारा आहे. त्यांनी टप्प्यांची सरळ उतरंड आकृतीत दाखविली, हे खरे. मात्र ती जशीच्या तशी राबविणे धोक्याचे आहे व त्यातून अपयश ओढवेल, असे त्यांनी त्याच निबंधात स्पष्टपणे बजावले. चाचणी अगदी शेवटी होत असल्याने अभिकल्पातील मूलभूत चूक तेव्हाच उघडकीस येते आणि सारे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते, हे त्याचे कारण. यावर उपाय म्हणून प्राथमिक अभिकल्प आधी करणे, लेख काटेकोर ठेवणे, शक्य तेथे काम दोनदा करणे म्हणजे पहिली प्रणाली केवळ शिकण्यासाठी बांधणे, चाचणीचे नियोजन व नियंत्रण करणे आणि ग्राहकाला वेळोवेळी सहभागी करून घेणे, अशा पाच सूचना त्यांनी केल्या. ‘धबधबा’ हा शब्दही त्यांच्या निबंधात नाही. तो १९७६ मधील दुसऱ्या एका लेखातून प्रचारात आला.

असे असूनही सरळ उतरंडच लोकप्रिय झाली, याचे कारण करारपद्धतीत सापडते. शासकीय खात्यास निविदा काढावयाची असते, ठराविक टप्प्यावर पैसे द्यावयाचे असतात व लेखापरीक्षकास उत्तर द्यावयाचे असते. टप्प्यांची उतरंड या गरजांशी तंतोतंत जुळली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८५ मध्ये लागू केलेल्या मानकावर तिची गडद छाया होती. अशा रीतीने ज्या मांडणीविरुद्ध इशारा दिला गेला होता, तीच अधिकृत पद्धती म्हणून स्थिरावली.

संरचित व शासकीय पद्धती : १९६६ मध्ये कोराडो बोम व जूझेप्पे याकोपिनी यांनी कोणतीही आज्ञावली क्रम, निवड व पुनरावृत्ती या तीनच रचनांतून साकार करता येते, हे गणिती रीत्या दाखविले आणि १९६८ मध्ये एड्सगर डायक्स्ट्रा यांनी मनमानी उड्या घेणाऱ्या आज्ञांचा वापर अपायकारक ठरविला. आज्ञावली-लेखनातील ही संरचनेची कल्पना पुढे गरजांच्या विश्लेषणातही आली. टॉम डीमार्को तसेच क्रिस गेन व ट्रिश सारसन यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात माहितीप्रवाहाच्या आकृत्या काढण्याची रीत प्रसृत केली. शेकडो पानी वर्णनाऐवजी वर्तुळे, बाण व कोठारे यांच्या साहाय्याने काढलेली आकृती कारकुनासही वाचता येते व तो तीतील चूक दाखवू शकतो, हा या रीतीचा खरा लाभ होय.

फ्रान्समध्ये याच सुमारास ‘मेरीझ’ ही पद्धती आकारास आली. ग्रेट ब्रिटनच्या केंद्रीय संगणक अभिकरणाने १९८१ मध्ये ‘एसएसएडीएम’ ही विश्लेषण व अभिकल्पाची संरचित पद्धती स्वीकारली आणि १९८३ पासून ती केंद्रीय शासनाच्या प्रकल्पांसाठी बंधनकारक केली. प्रकल्पाच्या व्यवस्थापनासाठी ‘प्रॉम्प्ट’ या खाजगी पद्धतीच्या आधारे ‘प्रिन्स’ ही पद्धती १९८९ मध्ये निघाली. तीत प्रकल्पावर देखरेख करणारे मंडळ असते व त्यात संस्थेचे व्यवस्थापन, प्रत्यक्ष वापरणारे कर्मचारी आणि पुरवठादार या तिन्ही पक्षांचे प्रतिनिधी असावे लागतात. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस प्रकल्प चालू ठेवण्याचे समर्थन अद्याप उरले आहे काय, हे मंडळाने तपासावयाचे असते. या पद्धतीची ‘प्रिन्स-२’ ही सुधारित आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली व ती शासनाबाहेरही, अनेक देशांत, वापरली जाऊ लागली.

लंडन रुग्णवाहिका सेवा : पद्धती नावापुरती स्वीकारणे व ती पाळणे यांतील अंतर किती महाग पडते, हे या सेवेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. सु. ६०० चौ. मैल क्षेत्रातील सु. ६८ लाख रहिवाशांना सेवा देणाऱ्या या संस्थेकडे १९९२ च्या सुमारास दररोज दोन ते अडीच हजार दूरध्वनी येत. आलेला निरोप कागदावर लिहून घ्यावयाचा, नकाशात पत्ता शोधावयाचा व कोणती गाडी पाठवावयाची ते माणसांनी ठरवावयाचे, अशी जुनी रीत होती. संगणकीकरणाचा एक प्रयत्न ७५ लाख पौंड खर्च होऊन १९९० मध्ये सोडून द्यावा लागला होता.

दुसऱ्या प्रयत्नात निरोप घेण्यापासून सर्वांत जवळची गाडी निवडण्यापर्यंतचे बहुतेक काम संगणकाने करावे, अशी योजना होती. तयार प्रणाली मिळाली तरी १५ लाख पौंड व १९ महिने लागतील, असा एका सल्लागार संस्थेचा अंदाज असताना १९९१ च्या फेब्रुवारीत निविदा मागविण्यात आल्या आणि ८ जानेवारी १९९२ ही पूर्ततेची तारीख न बदलणारी ठरविली गेली. बहुतेक निविदाकारांनी मुदतीविषयी शंका व्यक्त केल्या. काम मात्र दहा लाख पौंडांहूनही कमी किंमत सांगणाऱ्या गटाला मिळाले. आज्ञावली लिहिणाऱ्या लहान कंपनीला एवढ्या व्यापाच्या व जोखमीच्या प्रणालीचा अनुभव नव्हता. प्रकल्पासाठी प्रिन्स पद्धती वापरावयाचे ठरले होते, पण ती जाणणारे संस्थेत वा पुरवठादाराकडे कोणी नव्हते व तिचे नियम प्रत्यक्षात पाळले गेले नाहीत. गुणवत्तेची स्वतंत्र तपासणी झाली नाही. रुग्णवाहिकांवरील कर्मचाऱ्यांचा अभिकल्पात सहभाग नगण्य होता आणि काहींचे प्रशिक्षण वापराच्या कितीतरी आधी झाल्याने ते विस्मरणात गेले होते.

ठरलेली तारीख उलटून गेल्यावर अखेर २६ ऑक्टोबर १९९२ रोजी संपूर्ण लंडनसाठी एकाच वेळी नवी प्रणाली सुरू करण्यात आली. त्या दिवशी ८१ ज्ञात दोष दुरुस्तीवाचून शिल्लक होते. त्याच वेळी नियंत्रण कक्षातील बैठकव्यवस्था बदलून कागदी नोंदींचा आधारही काढून घेण्यात आला. गाड्यांच्या ठिकाणांची माहिती अचूक असेल, या गृहीतावर प्रणाली उभी होती. ती माहिती चुकू लागताच एकाच ठिकाणी दोन गाड्या जाणे, दूरची गाडी निवडली जाणे, असे प्रकार सुरू झाले. अशा प्रत्येक विसंगतीची सूचना पडद्यावर उमटत असल्याने खरे निरोप पडद्याबाहेर ढकलले गेले. गाडी न आल्याने लोक पुन्हा दूरध्वनी करू लागले, त्यामुळे भार आणखी वाढला व प्रणाली अधिकच मंदावली. दुसऱ्या दिवशी संस्था अंशतः जुन्या रीतीकडे वळली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे प्रणाली पूर्णपणे बंद पडली. सु. तीन आठवड्यांपूर्वी केलेल्या एका दुरुस्तीत राहून गेलेल्या लहानशा चुकीमुळे प्रत्येक गाडी पाठविताना सर्व्हरच्या स्मृतीचा थोडा भाग अडकून पडत होता. ती स्मृती संपली आणि बदली सर्व्हरकडे काम सोपविण्याची व्यवस्था पूर्ण केलेली नसल्याने कर्मचाऱ्यांना कागद-पेन्सिल हाती घ्यावी लागली.

फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात, तोपर्यंत कोणत्याही मृत्युपरीक्षकाने रुग्णाच्या मृत्यूचे कारण म्हणून या विलंबावर ठपका ठेवला नसल्याचे नमूद आहे. तथापि, कित्येक तास गाडीची वाट पाहत राहिलेल्या आजारी माणसांची यातना त्यामुळे कमी ठरत नाही. सारा दोष एका आज्ञेवर वा एका व्यक्तीवर न टाकता मुदत, निविदेतील स्वस्ताईचा आग्रह, व्यवस्थापन व कर्मचारी यांच्यातील अविश्वास आणि चाचणीचा अभाव, अशी कारणपरंपरा अहवालाने मांडली.

याच संस्थेचा पुढील इतिहासही तितकाच उद्‌बोधक आहे. अहवालानंतर घाई टाळून प्रथम गाड्या, कर्मचारी व नियंत्रण कक्ष यांची स्थिती सुधारण्यात आली. नवी प्रणाली संस्थेतच, नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांना नमुने दाखवीत व त्यांच्या सूचना घेत, तयार झाली. १९९६ मध्ये ती प्रथम अगदी साध्या रूपात वापरात आली व एक अंग स्थिरावल्यावर दुसरे जोडण्यात आले. १९९७ मध्ये या कामास ब्रिटिश संगणक संस्थेचा पुरस्कार लाभला. शहर तेच व सेवाही तीच. फरक होता तो थांबण्याच्या तयारीत आणि वापरणाऱ्यांना विचारण्यात.

तयार प्रणालींची जुळणी : प्रत्येक संस्थेने स्वतःची आज्ञावली लिहिण्याऐवजी हिशेब, साठा, खरेदी, उत्पादन व वेतन यांना एकत्र बांधणारी तयार प्रणाली विकत घ्यावी, हा विचार १९७० नंतर बळावला. पाच माजी आयबीएम कर्मचाऱ्यांनी १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत स्थापन केलेल्या सॅप या कंपनीने ‘आर/२’ व १९९२ मध्ये ‘आर/३’ या प्रणाली बाजारात आणल्या. येथे प्रश्नाचे स्वरूप बदलते. आज्ञावली तयारच असल्याने तिच्या लेखनापेक्षा संस्थेची रीत प्रणालीप्रमाणे बदलावयाची, की प्रणाली संस्थेप्रमाणे वाकवावयाची, हा निर्णय निर्णायक ठरतो. प्रणाली फार वाकविल्यास तिची नवी आवृत्ती स्वीकारणे दरवेळी अवघड होते. सॅपने १९९६ मध्ये आणलेल्या ‘एएसएपी’ पद्धतीत पूर्वतयारी, व्यवसायाचा आराखडा, प्रत्यक्ष जुळणी, अंतिम तयारी आणि वापरास प्रारंभ व साहाय्य, असे पाच टप्पे होते. २०१५ मध्ये तिची जागा ‘ॲक्टिव्हेट’ या पद्धतीने घेतली.

या प्रकारातील धोक्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीचे आहे. चार वर्षांचे मानलेले काम तिने अडीच वर्षांत उरकण्याचे ठरविले. प्रारंभ एप्रिल १९९९ वरून जुलैवर गेला आणि अनेक प्रणाली एकदमच, म्हणजे वर्षातील सर्वाधिक विक्रीच्या हंगामाच्या तोंडावर, सुरू झाल्या. गोदामांत माल असूनही दहा कोटी डॉलरहून अधिक किंमतीच्या मागण्या वेळेवर पुरविता आल्या नाहीत. आज्ञावली सदोष असण्यापेक्षा मुहूर्त व घाई यांचा हा परिणाम होता.

चक्रीय व चपळ पद्धती : एकदाच व सरळ उतरण्याऐवजी लहान फेऱ्यांत काम करावे, ही कल्पना बॅरी बोएम यांनी १९८६ च्या सुमारास मांडलेल्या ‘सर्पिल’ प्रतिमानात आढळते. प्रत्येक फेरीच्या आरंभी सर्वांत मोठा धोका कोणता ते ओळखून प्रथम त्याचेच निराकरण करावयाचे, हे तिचे सूत्र होय. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे जमलेल्या १७ तज्ञांनी ‘चपळ’ विकासाचा जाहीरनामा काढला. लेखांपेक्षा चालती आज्ञावली व करारातील घासाघिशीपेक्षा ग्राहकाचे सहकार्य यांस त्यांनी अधिक महत्त्व दिले. लेख, योजना व करार निरुपयोगी आहेत, असे मात्र त्यांचे म्हणणे नव्हते. रॉइस यांच्या पाच सूचनांशी यातील काही तत्त्वांचे साम्य लक्षणीय आहे. पुढे चपळ पद्धतीचीही प्रमाणपत्रे व ठराविक बैठका रूढ झाल्या आणि अनेक ठिकाणी तीही उपचार बनली.

अंमलबजावणीनंतर : प्रणाली सुरू झाली म्हणजे पद्धतीचे काम संपले, हा समज घातक ठरतो. ग्रेट ब्रिटनच्या टपाल कार्यालयांत १९९९ पासून बसविलेल्या ‘होरायझन’ या हिशेब-प्रणालीच्या विकासकाळातच, १९९८ मधील एका अंतर्गत अहवालात रोख-व्यवहारांच्या भागाची आज्ञावली निकृष्ट असल्याचे नमूद झाले होते. तरीही तो भाग नव्याने न लिहिताच प्रणाली देशभर पसरली. पुढे हिशेबात तूट दिसली, की ती यंत्राची चूक नसून टपालचालकाचा अपहार आहे, असे गृहीत धरले गेले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक टपालचालक दोषी ठरले. काहींना तुरुंगवास भोगावा लागला, अनेकांची घरेदारे गेली. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये प्रणालीतील दोष मान्य केले आणि मे २०२४ मध्ये संसदेने खास अधिनियमाद्वारे शेकडो शिक्षा रद्द केल्या. दोषांची नोंद ठेवणे व ती ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना उपलब्ध करून देणे, हे देखभालीच्या टप्प्यातील कर्तव्य न पाळल्याने घडलेला हा अन्याय होय.

भारत : भारतीय रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण हे टप्प्याटप्प्याच्या अंमलबजावणीचे यशस्वी उदाहरण आहे. सीएमसी या तत्कालीन शासकीय कंपनीने विकसित केलेली प्रणाली १९८५ च्या अखेरीस नवी दिल्ली येथे प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व १९८६ मध्ये विस्तारली. पुढे मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद या केंद्रांवर ती क्रमाने गेली. ही केंद्रे आरंभी स्वतंत्र होती. रेल्वेच्या माहिती प्रणाली केंद्राने (स्थापना १९८६) तयार केलेल्या ‘कॉन्सर्ट’ या आज्ञावलीद्वारे ती १९९९ पर्यंत परस्परांशी जोडली गेली. तिकीट खिडकीवरील कारकून व प्रवासी या दोघांनाही सरावासाठी अवधी मिळाला.

पद्धतींच्या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा आहे. टाटा समूहाने १९८१ मध्ये पुणे येथे स्थापन केलेल्या संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावली-निर्मितीच्या रीती व साधने यांवर दीर्घकाळ काम झाले. परदेशी ग्राहकांची कामे भारतात करावयाची, तर विश्वासार्हतेचा पुरावा हवा, या गरजेतून भारतीय कंपन्यांनी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने आखलेले पाच पातळ्यांचे परिपक्वता प्रतिमान उत्साहाने स्वीकारले. बंगलोर येथील मोटोरोलाच्या केंद्राने १९९३ मध्येच त्यातील सर्वोच्च पातळी गाठली. मात्र असे प्रमाणपत्र पुरवठादाराची शिस्त मोजते. ग्राहकसंस्था बदलासाठी कितपत तयार आहे, हे ते सांगू शकत नाही.

याची प्रचीती २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात आली. उन्हाळी परीक्षांच्या सु. १७ लाख उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याची नवी व्यवस्था सर्व विद्याशाखांत त्याच हंगामात लागू करण्यात आली. उत्तरपत्रिकांची छायाप्रत काढणे, प्राध्यापकांचे प्रशिक्षण व तपासणी ही कामे एकमेकांत गुंतली आणि निकाल कित्येक महिने लांबले. पुढील प्रवेशासाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांची संधी हुकली. पडद्यावरील तपासणी हे तंत्र नवे वा असाध्य नव्हते. एखाद्या लहान विद्याशाखेत आधी प्रयोग करून पाहण्याचा टप्पा तेवढा वगळला गेला होता.

मूल्यमापन : अंमलबजावणी पद्धतींचा सात दशकांचा इतिहास पाहता त्यांची बहुतेक कलमे कोठल्यातरी जुन्या अपयशातून निघालेली दिसतात. समांतर हिशेब, प्रायोगिक केंद्र, स्वतंत्र तपासणी, परतीची वाट, दोषांची उघड नोंद ही कलमे कोणी तर्काने शोधलेली नसून अनुभवाने शिकविलेली आहेत. पद्धती बदलली, की हा अनुभव प्रत्येक वेळी नव्या शब्दांत लिहिला जातो, पण घाई झाली, की वगळला जातो तो नेमका तोच भाग. ठराविक नमुन्यातील कागद भरणे सोपे असते, टप्प्याच्या अखेरीस ‘अद्याप तयारी झालेली नाही’ असे सांगणे कठीण असते. उत्तम पद्धती हे सांगण्याची जागा व अधिकार निर्माण करून देते. त्या अधिकाराचा वापर करण्याची जबाबदारी मात्र संस्थेच्या चालकांवरच राहते आणि त्यांनी ती टाळल्यास तिची किंमत रुग्ण, टपालचालक वा विद्यार्थी यांना मोजावी लागते.